बाबांनी निवडलेला रिव्हर्ब

आमच्या घरात हळू बोलायची पद्धतच नव्हती. खापरखेड्याच्या वसाहतीतलं आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं की आत दहा माणसांची जुंपली आहे. भांडण वगैरे काही नसायचं. आई स्वयंपाकघरातून विचारायची की वरणात आंबटपणा बरोबर आहे का, आणि बाबा बाहेरच्या खोलीतून तेवढ्याच जोरात सांगायचे की आज सेकंड शिफ्ट आहे, डबा नको. आई पुन्हा विचारायची. बाबा पुन्हा शिफ्टच सांगायचे. मग आई वाटी घेऊन बाहेर यायची, त्यांच्या हातात ठेवायची, आणि ते चाखून मान डोलावायचे. बाबांना कमी ऐकू येतं, हे घरात कुणी कधी म्हटलं नाही. आम्ही फक्त मोठ्यानं बोलायला लागलो आणि तेच आमचं बोलणं झालं. लग्न होऊन मी दुसऱ्या घरी आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला बाजूला घेऊन विचारलं की तू माझ्यावर रागावली आहेस का.

बाबा पॉवर हाऊसमध्ये टर्बाइनच्या देखभालीवर होते. तिथं कानात घालायला बोळे मिळायचे. बाबांचे बोळे कायम खिशात, धुवायला टाकलेल्या शर्टातून आई ते काढून खिडकीत ठेवायची. त्यांचं म्हणणं असं की बोळे घातले तर मशीन काय बोलतं ते कसं कळणार. कारण त्यांचं कामच मुळी ऐकण्याचं होतं. हातभर लांबीचा एक पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, घ्यायचा, त्याचं टोक चालत्या मशीनच्या बेअरिंगवर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबून डोळे मिटायचे. लोखंडातून आवाज सरळ डोक्यात येतो. त्यावरून बाबा सांगायचे की हे बेअरिंग अजून वर्षभर चालेल, याला पुढच्या शटडाऊनला बदला, आणि ह्याला आजच थांबवा. त्यांचे साहेब मीटर लावून बघायचे, पण मीटर लावण्याआधी बाबांना विचारायचे. आईचं शिवणयंत्र, शेजारच्यांचा कूलर, मामाची मोटारसायकल, सगळ्यांना बाबांनी पेचकस लावलेला होता. एकदा माझ्या पोटात दुखत होतं तेव्हा ते पेचकस शोधायला उठले होते, आईनं हात धरून बसवलं.

याच बाबांना गाण्याचं वेड होतं. वसाहतीची आमची एक गायन पार्टी होती. तथागताची आणि बाबासाहेबांची गाणी म्हणायची, नागपूरच्या वस्त्यावस्त्यांतून बोलावणी यायची. पार्टीचे प्रमुख राजहंसकाका, प्राथमिक शाळेत मास्तर, गाणी तेच लिहायचे आणि पेटी तेच वाजवायचे. ढोलकीवर वसाहतीतलेच एक फिटर. आणि बाबांकडे, म्हणजे पार्टीच्या सुखदेवभाऊंकडे, एकच मान होता, पण तो मोठा होता. कार्यक्रमाचं पहिलं गाणं त्यांचं. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून पहिलं गाणं आमच्या घरातला माणूस म्हणत आला. त्या गाण्याची सुरुवात ठरलेली. आधी फक्त बँजो, एक लहानशी ओळ. मग बँजो थांबायचा आणि ढोलकी नाही, पेटी नाही, अशा मोकळ्या जागेत बाबा डोळे मिटून पहिला शब्द घ्यायचे, ‘तथागता’. त्यांचा आवाज काही फार गोड नव्हता. थोडा खरखरीत, पण सरळ. त्या एका शब्दावर मांडव गप्प व्हायचा. मी लहानपणी पहिल्या रांगेत आईच्या मांडीला टेकून बसायचे आणि त्या शब्दाची वाट बघताना माझी छाती धडधडायची, जणू तो मलाच म्हणायचा आहे.

बँजोवाल्या काकांची चंद्रपूरकडे बदली झाली आणि त्यांची जागा मला मिळाली. मावसभावानं नोकरी लागल्यावर टाकून दिलेली एक इलेक्ट्रिक गिटार, तिच्या लहानशा स्पीकरसकट, माझ्याकडे होती, मी कॉलेजात होते, आणि पार्टीत मुलगी चालेल का यावर दोन बैठका झाल्या होत्या. राजहंसकाकांनी निकाल दिला की तारा कोण छेडतं हे तारांना समजत नाही. तर अशी मी पार्टीत आले. पण गिटारचा आवाज मोकळ्या मैदानात कोरडा पडायचा. बँजोच्या आवाजात आपला एक झणझणीतपणा असतो, तो तंबूच्या शेवटच्या खांबापर्यंत पोचतो. माझी गिटार चार पावलांवर खाली पडायची. ज्यांनी कधी गिटार हातात घेतली नाही त्यांना सांगते, रिकाम्या मोठ्या खोलीत टाळी वाजवली की टाळी संपल्यावरही तिचं थोडं काहीतरी मागे राहतं आणि हळूहळू विरतं. तेवढाच रिव्हर्ब. पायानं दाबायची एक लोखंडी डबी मिळते, ती गिटार आणि स्पीकरच्या मधे लावली की उघड्या माळावरही ती मोठी खोली तयार होते. कॉलेजच्या लॅबमध्ये हेडफोन लावून मी तिचे व्हिडिओ बघितले होते. वीस डब्यांचे वीस व्हिडिओ, आणि वीसही मला सारखेच सुंदर वाटले. त्यामुळे निवड काही होईना.

दहावीच्या मुलांना गणित शिकवून मी थोडे पैसे साठवले होते. नावाजलेल्या डब्यांचं स्वप्न त्यात बसत नव्हतं. कॉलेजातल्या मुलांचा सल्ला असा की मल्टीइफेक्ट घे, स्वस्तात पडतं, एकात पन्नास आवाज. मी हे घरी सांगितलं, अर्थात ओरडून. बाबा जेवत होते. ज्वारीची भाकर, झुणका, वर कच्चं तेल. त्यांनी घास थांबवला आणि म्हणाले, ‘पन्नास आवाज घेऊन का करतं वं? एक चांगला घे.’ आणि पुढच्या रविवारी सुट्टी टाकून ते माझ्याबरोबर निघाले. मला एकटीला जायचं होतं. ज्यांना प्रेशर कुकरची शिटी ऐकू येत नाही ते मला आवाज निवडून देणार, असं मनात म्हणून मी बसमध्ये सगळा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. आज त्या मुलीच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

सीताबर्डीला उतरून आधी तर्री-पोहे खाल्ले, कारण बाबांच्या मते उपाशी माणसाला दुकानदार ओळखतो. दुकान मागच्या गल्लीत होतं. म्हातारे चाचा मालक, पुढच्या बाजूला नव्या गिटारी टांगलेल्या आणि मागे त्यांचं दुरुस्तीचं टेबल, त्यावर उघडून ठेवलेल्या दोन पेट्या. चाचांनी माझी ऐपत एका नजरेत ओळखली आणि काउंटरवर तीन डब्या ठेवल्या. एक निळी, नवीकोरी, चकचकीत. एक इतकी छोटी की तळहातावर मावावी. तिसरी करडी, कुणीतरी वापरून विकलेली, कोपऱ्यांवरचा रंग उडालेला. चाचांनी एक गिटार माझ्या गळ्यात अडकवली, तिची वायर निळ्या डबीतून एका लाकडी स्पीकरला जोडली आणि मला पाय दाबायला सांगितलं. लाल दिवा लागला. मी एक तार छेडली.

त्या क्षणाबद्दल मी आयुष्यात अनेकांना सांगून बघितलं, कुणाला नीट सांगता आलं नाही. व्हिडिओमध्ये ऐकणं वेगळं. इथं माझ्या बोटातून निघालेला एक साधा सूर त्या दहा बाय बाराच्या दुकानाच्या भिंती मागे सारून कुठंतरी लांब गेला आणि जाताना मागे वळून बघत राहिला. मी हात तारांवरून उचललेला होता. मी काहीच करत नव्हते, आणि आवाज चालू होता. माझ्या अंगावर काटा आला. मला हसू आलं, रडूही आलं, आणि मी तीच तार पुन्हा छेडली. बाबांकडे बघितलं तर ते दुकानाच्या पंख्याकडे बघत होते. मी डबी बंद करून वाजवलं, चालू करून वाजवलं, आणि विचारलं फरक समजला का. ते म्हणाले, ‘कायचा फरक? दोन्ही बराबर हायेत. चांगलं वाजवतं तू.’

मी पुन्हा वाजवलं. जरा जोरात. बाबा माझ्या बोटांकडे बघत होते, आणि माझी बोटं थांबली की त्यांच्या चेहऱ्यावर ऐकणं संपत होतं. माझ्या कानांत तो सूर अजून भरून राहिलेला होता आणि माझ्यापासून दोन हातांवर उभ्या माणसासाठी तो कधीच संपला होता. घरात आम्ही इतकी वर्षं ओरडत होतो, पण त्यांचं किती गेलंय हे मला त्या दुकानात कळलं. मी गिटार खाली ठेवायला लागले. मला म्हणायचं होतं, जाऊ द्या बाबा, नको. पण बाबा माझं तोंड माझ्या लहानपणापासून वाचत आलेले. त्यांनी चाचांना काही विचारलं नाही, सरळ काउंटरच्या आत गेले, दुरुस्तीच्या टेबलावरचा सगळ्यात लांब पेचकस उचलला आणि स्पीकरसमोर उकिडवे बसले. टोक स्पीकरच्या लाकडावर टेकवलं. मूठ कानामागे दाबली. डोळे मिटले.

‘वाजव,’ ते म्हणाले. ‘एकच डाव वाजव, अन् हात काढून घे.’

मी वाजवलं आणि हात काढून घेतला. बाबांच्या कपाळाला आठी पडली, मग ती गेली. त्यांनी डावा हात वर केला, एक बोट उभं. ‘हाय,’ ते म्हणाले. थोड्या वेळानं, ‘अजून हाय.’ मी ऐकत होते, चाचाही ऐकत होते. आवाज बारीक होत होत आमच्या कानांतून निघून गेला. बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न तेवढा उरला. बाबांचं बोट वरच होतं. ‘अजून हाय,’ ते पुटपुटले, आणि मग कितीतरी वेळानं बोट खाली आलं. ‘गेलं.’ त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे असं बघितलं की तसं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. ‘इतकं मांगं राह्यते?’ ते म्हणाले. ‘इतक्या दिवसाची तू हेच सांगून राहिली होती का मले?’ मी मान हलवली.

पुढे एका कानाच्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं की अशा बहिरेपणात हाडातून ऐकूनही फार फरक पडू नये. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मी तिथं होते, ते नव्हते.

मग निवड झाली, आणि ती मी केली नाही. निळ्या डबीत म्हणे थरथर होती, ‘आतून कुठी तरी ढिलं हाय, बेअरिंग बसल्यावानी.’ मी कान देऊन ऐकलं तर खरंच, शेवटाला एक पत्र्याचा थरथराट होता, इतका वेळ मला ऐकू आला नव्हता. छोटी डबी दोनदा वाजवायला लावून त्यांनी मान हलवली, ही विरत नाही, कोणी दरवाजा लावल्यावानी तुटते. करड्या डबीला ते सर्वांत जास्त वेळ बसले. मी चार वेळा वाजवलं. त्यांचे गुडघे दुखत असणार, पण उठले नाहीत. शेवटी पेचकस चाचांच्या टेबलावर जिथला तिथं ठेवून म्हणाले, ‘हे घे. हे कवा गेलं ते समजत नाही.’ चाचा चाळीस वर्षं बाजे विकत होते. त्यांनी माझ्या बाबांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि हिंदीत विचारलं की आपण कुठल्या ऑर्केस्ट्रात होता. बाबांनी सांगितलं की टर्बाइनमध्ये.

डबी घरी आली आणि पुढच्याच रविवारी विहारात सरावाला गेली. बुद्धपौर्णिमा तीन आठवड्यांवर होती. सगळ्यांनी आवाज ऐकून वा वा केलं. ढोलकीवाल्या काकांनी तर आपल्या ढोलकीलाही असलं काही लावता येईल का म्हणून चौकशी केली. मग पहिलं गाणं सुरू झालं. मी ओळ वाजवली, शेवटच्या सुरावर थांबले, आणि तो सूर विहारभर पसरला. तो अजून वरच होता तेवढ्यात बाबांनी शब्द घेतला. त्यांना ऐकू येत होता तेवढा आवाज संपला होता, म्हणून घेतला. बाकीच्यांच्या कानात गिटार चालूच होती. शब्द त्यात बुडाला, सूर एकमेकांवर चढले, आणि राजहंसकाकांनी हात वर करून थांबवलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाबा घाबरून इतके उशिरा आले की ढोलकी आधी सुरू झाली. इशारा करावा म्हटलं तर ते डोळे मिटून गाणार. डोळे उघडे ठेवून गाणं म्हणजे त्यांच्या लेखी हजेरी देणं. सगळे हसून सावरून घेत होते आणि बाबाही हसत होते. ते हसू मला बघवत नव्हतं.

सराव संपल्यावर मी चपला घालत होते तेव्हा राजहंसकाका जवळ येऊन उभे राहिले. त्यांच्यासाठी गाणं म्हणजे आधी शब्द. लोक शब्दासाठी येतात, बाजा मग. हे त्यांनी मला पार्टीत घेतानाच बजावलं होतं. आता ते दाराच्या कडीशी चाळा करत म्हणाले, ‘मितू, पौर्णिमेले सुखदेवभाऊच घेईन सुरुवात. पन पुन्हा असं झालं त पुढच्या टायमापासून नंदनवनच्या पार्टीतला मिलिंद घेईन. तू सांगून ठेवजो त्यायले. मी त्यायच्यासमोर तोंड नाही उघडू शकत.’ मी म्हटलं, मी तरी कसं उघडू? ते कडीच वरखाली करत राहिले. ते वाईट माणूस नव्हते. उलट तेच एक होते ज्यांनी हे बोलायचं धाडस केलं.

मी घरी सांगितलं नाही. मी एवढंच म्हटलं की पहिल्या गाण्याला मी डबी बंद ठेवते, बाकीच्या गाण्यांना लावते. बाबा अंगणात खाटेवर बसून कैऱ्या चिरत होते. त्यांनी मला दोनदा बोलायला लावलं, ऐकू आलं नाही म्हणून की ऐकायचं नव्हतं म्हणून, कोण जाणे. मग म्हणाले, ‘आवाज चांगला हाय. माणूस चुकला. मंग आवाज काहून बंद करतं?’ मी म्हटलं, तुम्हाला तो ऐकू येत नाही ना बाबा. घरात ते वाक्य पहिल्यांदा बोललं गेलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. बाबांनी कैरीची कोय बाजूला टाकली आणि सांगितलं, ‘मले नाही येत. लोकायले त येते.’

त्या तीन आठवड्यांत मी दिवसा कॉलेजात आणि संध्याकाळी शिकवण्यांत होते. घरी आले की गिटार जागेवर असायची, पण तारा उतरलेल्या, आणि एकदा डबीची वायर उलटीकडून गुंडाळलेली. मी आईला बोलले की झाडताना हात लावत जाऊ नको. आई काही बोलली नाही, आणि ती काही न बोलणारी बाई नव्हे, एवढं तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं. सरावाला बाबा आलेच नाहीत. शिफ्टचं कारण सांगितलं. राजहंसकाकांनी ते मुकाट ऐकून घेतलं आणि मिलिंदभाऊंना पौर्णिमेला सहज म्हणून येऊन बसायला सांगितलं. मी मनाशी पक्कं केलं की बाबांना न विचारता पहिल्या गाण्याला डबी बंद ठेवायची. कोरडा सूर वाजेल, लगेच संपेल, बाबांना आणि लोकांना एकाच वेळी संपल्याचं कळेल, ते शब्द घेतील. कुणाला काही समजणार नाही. आवाज माझा होता, बंद करायचा हक्कही माझाच, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर त्यांनी उकिडवं बसून निवडून दिलेला आवाज मी त्यांच्यापासून लपवून काढून घेत होते, आणि ते मला कळत होतं.

पौर्णिमेला उन्हं चढायच्या आत कार्यक्रम, म्हणून सकाळीच मांडव भरला. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, कडेला दोन कूलर. भन्तेजींची वंदना झाली. आम्ही जागा घेतल्या. मिलिंदभाऊ पहिल्या रांगेच्या कोपऱ्यात मांडी घालून बसलेले मला दिसले. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, माइकपुढे उभे राहून त्यांनी डोळे मिटले. मी खाली बघितलं, डबीचा लाल दिवा चालू होता. मी पायाच्या अंगठ्यानं डबी हलकेच दाबली आणि दिवा विझवला. ओळ वाजवली. शेवटचा सूर छेडून हात उचलला. सूर मांडवात दोन पावलं गेला आणि संपला.

आता बाबांनी शब्द घ्यायचा. त्यांनी घेतला नाही.

मला आधी वाटलं श्वास घेतायत. मग दिसलं की ते नुसते उभे आहेत. हात सैल, मान थोडी पुढे, अगदी स्वस्थ. विसरले, मी म्हटलं, शब्द विसरले. राजहंसकाकांची बोटं पेटीवर आली, त्यांना पट्टी द्यायची होती, पण त्यांनी ती दाबली नाही. कूलरचा आवाज येत होता. कुणाचं तरी पोर काही बोललं आणि गप्प झालं. आणि मग मला मांडव दिसला. कुणी हलत नव्हतं. पंखा घेऊन बसलेल्या बायांचे हात थांबले होते. इतकी माणसं तोंड किंचित उघडं ठेवून बाबांकडे बघत होती, कुणाला काय होतंय ते कळत नव्हतं आणि कुणाला ते मोडायचं नव्हतं. मी वाजवून कधी एवढी शांतता पसरवली नव्हती आणि पुढेही कधी पसरवू शकले नाही. बाबांनी डोळे उघडले. त्यांना गाताना डोळे उघडताना मी पहिल्यांदा बघितलं. त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, पुन्हा मिटले, आणि शब्द घेतला. ‘तथागता.’

तो शब्द कसा आला ते मला लिहिता येत नाही. सूर बरोबर होता, एका केसानंही हललेला नव्हता, पण ते सांगून काही सांगितल्यासारखं होत नाही. माझ्यासमोर पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी बाई होती, तिनं हात जोडले. राजहंसकाका मान खाली घालून पेटीच्या पट्ट्यांकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. ढोलकी आली, पेटी आली, माझी बोटं कशी चालली मला ठाऊक नाही. गाणं संपलं तेव्हा मिलिंदभाऊ कोपऱ्यातून उठून आले आणि बाबांच्या पाया पडले. पुढे बाबा थकेपर्यंत, आणखी अकरा वर्षं, सुरुवात त्यांचीच राहिली. त्यानंतर मी ती डबी कधीच बंद ठेवली नाही, आणि ते कधी चुकले नाहीत.

दुपारी विहाराच्या मागे कडुलिंबाच्या सावलीत आम्ही तिघं खीर घेऊन बसलो. बाबा भलतेच खुशीत होते. मला विचारायचं होतं की काय झालं होतं, पण त्यांनीच सुरू केलं. ते म्हणाले, मी घरी नसताना रोज दुपारी आई गिटारची तार ओढायची आणि ते स्पीकरला पेचकस लावून बसायचे. आईला गिटार धरता येत नव्हती, ती मांडीवर आडवी घेऊन कापूस पिंजल्यासारखी तार ओढायची. तीन आठवडे. आवाज किती वेळ राहतो, किती श्वास, कुठं पातळ होतो, कुठं जातो, हे सगळं त्यांनी पाठ केलं होतं. ‘आता मले ऐकू नाही आलं तरी चालते,’ ते म्हणाले. ‘आज पुरा जाऊ देल्ला, मंग घेतलं. बरोबर घेतलं ना?’

मी आईकडे बघितलं. आईचे कान चांगले होते. मांडवात ती तिसऱ्या रांगेत बसली होती, आणि करड्या डबीचा आवाज तिच्याइतका आता कुणालाच ठाऊक नव्हता.

‘बरोबर घेतलं बाबा,’ मी म्हटलं.

‘मी डोळे उघडून पाह्यलं वं मधातच,’ बाबा म्हणाले. ‘राहवलंच नाही. सगळे तोच आवाज ऐकून राहिले होते. कोणी हलून नाही राहिलं. आजच्यावानी चांगला तुहा डब्बा कवाच नाही वाजला.’

मी हो म्हटलं. आईनं माझ्याकडे न बघता माझ्या वाटीत आणखी एक पळी खीर वाढली.